माडखोलकरांनी निवडलेले नागपूर

ग. त्र्यं. माडखोलकर म्हटले की 'मुक्तात्मा', 'भंगलेले देऊळ', 'चंदनवाडी' या कादंबऱ्या आठवतात. नागपूरच्या 'तरुण भारत' या दैनिकाचे ते 1944 ते 1967 अशी तेवीस वर्षे संपादक होते, ही गोष्ट मात्र वाङ्मयाच्या इतिहासात ओझरती येते. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. माडखोलकर जन्माने मुंबईचे, वाङ्मयीन संस्काराने पुण्याच्या रविकिरण मंडळाचे. 1924च्या सुमारास ते 'महाराष्ट्र' पत्रात आले आणि नागपूरकर झाले. 'मुक्तात्मा' 1933ची, 'चंदनवाडी' 1943ची; म्हणजे त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्यांचे दशक हे वृत्तपत्राच्या कचेरीत राबण्याचेही दशक होते. राजकीय मतभेदांत सापडलेली माणसे मराठी कादंबरीत त्यांनी इतक्या आधी आणली, त्याचे मूळ या रोजच्या कामात शोधले पाहिजे.

यावर आक्षेप येतो की, त्यांची पात्रे सुखवस्तू, भाषा अलंकारांनी जड. त्यात बातमीदाराचे जग कुठे दिसते? शैलीबद्दलचा हा आक्षेप मान्य करावा लागतो. पण शैली पुण्यात घडली म्हणून विषयही तिथलाच, असे होत नाही. 1938मध्ये मध्यप्रांतातले डॉ. ना. भा. खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ कोसळले, ते नागपुरातच. नेत्याची निष्ठा आणि पक्षाची शिस्त यांतला झगडा संपादकीय टेबलावर रोज येऊन पडत होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 1946च्या बेळगाव साहित्य संमेलनात माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. विदर्भात स्वतंत्र राज्याची मागणी लोकनायक अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे नेते करत असताना, बाहेरून आलेल्या माणसाने आपल्या मुंबई-पुण्याची सोय पाहिली, असे कोणी म्हणेल. पण नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होते आणि एकीकरणात ते पद जाण्याची भीती उघड होती; 1956मध्ये ते गेलेही. ज्या शहरात आपले पत्र चालते त्याचे वजन कमी करणारी भूमिका स्वार्थातून घेतली जात नाही. शिवाय 1948मध्ये गांधीहत्येनंतरच्या हिंसाचारात त्यांच्या घराची वाताहत झाली. 'एका निर्वासिताची कहाणी' त्या अनुभवातून आली. केवळ सोयीसाठी आलेल्या माणसाला निघून जायला याहून मोठे कारण मिळाले नसते. ते राहिले आणि पुढची जवळपास दोन दशके संपादकपदावर होते. म्हणून माडखोलकरांचे मूल्यमापन करताना कादंबऱ्यांच्या यादीशेजारी त्यांचे अग्रलेखही ठेवले पाहिजेत. विदर्भाच्या मराठी मनाचा इतिहास त्यांच्या नायिकांपेक्षा तिथे अधिक सापडेल.