टँगो आणि लावणी : कलेची प्रतिष्ठा व कलावंताची प्रतिष्ठा

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे गाव नृसिंहाचे क्षेत्र म्हणून मराठवाड्यास परिचित आहे. मराठी मुलखात क्षेत्राची जत्रा म्हटली की पूजा, बाजार आणि करमणूक ही तिन्ही अंगे एकत्र येतात. यांपैकी तिसऱ्या अंगावर तमाशाचे फड पिढ्यान्‌पिढ्या जगत आले. तथापि जत्रेत मान्य असलेली लावणी घराच्या उंबऱ्याआत मात्र निषिद्ध मानली गेली. हे द्वैत एकट्या मराठी समाजाचे नाही. दक्षिण अमेरिकेतील टँगो या नृत्यगीताचा इतिहास त्यासमवेत ठेवून पाहिला असता साम्य व भेद दोन्ही उमगतात.

टँगोचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ दे ला प्लाता नदीच्या मुखावरील ब्युनोस आयरेस व माँटेव्हिडिओ या बंदरांत झाला. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशीयांचे ढोलवादन, क्यूबाकडील हबानेरा आणि इटली-स्पेनमधून पोटासाठी आलेल्या मजुरांची गीते यांचा तेथील दाटीच्या वस्त्यांत संकर झाला. गुत्ते व वेश्यागृहे ही त्याची आरंभीची स्थाने होत. स्थलांतरितांत स्त्रियांची संख्या अल्प असल्याने पुरुष पुरुषांबरोबरच नृत्याचा सराव करीत. लावणीच्या इतिहासातही पुरुषच स्त्रीच्या जागी उभा राहिलेला दिसतो, मात्र त्याचे कारण वेगळे. पेशवाईतील तमाशात स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. स्त्रिया फडावर आल्या त्या पुढील काळात.

लावणीचे रचनाकार एका जातीचे नव्हते. रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, सगनभाऊ मुसलमान. नाचगाण्याचा भार मात्र मुख्यत्वे महार, मांग, कोल्हाटी अशा जातींवर राहिला. ही मर्यादा ओलांडण्याचे मोल पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या चरित्रात दिसते. कुलकर्णी घराण्यात जन्मलेल्या या शाहिराने महार जातीतील पवळेसह फड गाजविला. त्यापायी स्वजातीचा बहिष्कार सोसला आणि अखेर विपन्नावस्थेत देह ठेवला.

टँगोला प्रतिष्ठा लाभली ती परदेशातून. १९१२-१३ च्या सुमारास पॅरिसच्या उच्चभ्रू समाजात त्याचे वेड पसरले. १९१३ साली जर्मन सम्राटाने गणवेशातील अधिकाऱ्यांना तो नाचण्यास मनाई केली. पॅरिसने स्वीकारलेली वस्तू ब्युनोस आयरेसच्या धनिकांना नाकारवेना. लावणीची वाट निराळी. १९४८ साली मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली व पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठविली. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तो या हुकमाच्या कक्षेबाहेर होता. त्यानंतर ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) यांसारख्या चित्रपटांनी लावणी मध्यमवर्गाच्या कानी रुजविली. ज्यांनी फडाकडे कधी पाऊल टाकले नसते, त्यांच्या घरी ती ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने पोहोचली.

येथवर दोन्ही कलांची वाटचाल समांतर आहे. भेद पडतो तो कलावंताच्या वाट्यास. कपडे धुऊन व इस्त्री करून उदरनिर्वाह करणाऱ्या मातेचा पुत्र कार्लोस गार्देल १९१७ पासून टँगोगायक म्हणून गाजला आणि १९३५ साली विमान अपघातात निधन पावला, तेव्हा त्याचा शोक राष्ट्रीय शोक ठरला. त्याचे दारिद्र्य कीर्तीने धुऊन निघाले. अर्थात तेथेही आफ्रिकी वंशीयांचा वाटा दीर्घकाळ विस्मृतीत राहिला, हे विसरता येत नाही. इकडे राष्ट्रपतींकडून गौरविल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर त्यांच्याच नावे राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. यमुनाबाई वाईकर यांना पद्मश्री लाभली ती २०१२ साली, वयाची नव्वदी उलटल्यावर.

या भेदाचे मूळ जातिव्यवस्थेत आहे. दारिद्र्याचा कलंक यशाने पुसता येतो. जन्माशी जोडलेला कलंक यशानंतरही उरतो. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) हे आत्मकथन नर्तकीच्या अपत्याच्या बाजूने याच सत्याची साक्ष देते. २००९ साली अर्जेंटिना व उरुग्वे यांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने टँगोस मानवजातीचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. लावणीचा गौरव करतानाही तो केवळ गीताचा व नृत्याचा न राहता ते जपणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचला काय, हीच त्या गौरवाची खरी कसोटी होय.