जुन्या सार्वजनिक इमारतींची सुगम्यता

दिव्यांग व्यक्तींना जुनी कार्यालये, न्यायालये, रुग्णालये कोणाच्याही आधाराविना वापरता यावीत, यासाठी त्यांत करावयाचे बदल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४५ नुसार नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत अस्तित्वातील सर्व सार्वजनिक इमारती सुगम्य करणे बंधनकारक होते. नियम जून २०१७ मध्ये आले. मूळ मुदत २०२२ मध्ये सरली, तरी असंख्य कचेऱ्यांच्या दारात पायऱ्या तशाच आहेत.

खरी अडचण उंच जोत्याची. उताराचे सर्वमान्य प्रमाण १:१२ असल्याने ९० सेंमी. जोत्यासाठी १०.८ मी. लांब उतारमार्ग लागतो. विसाव्याचे टप्पे आणि दोन्ही बाजूंचे कठडे वेगळेच. आवार अपुरे म्हणून अनेक ठिकाणी तीव्र उताराचा ओटा बांधून काम उरकले जाते. त्यावर चाकाची खुर्ची मागे घसरते. अशी सोय धोकादायकच होय. आत रुंद दरवाजे, वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह, स्पर्शमार्गिका आणि ब्रेल फलकही हवेत.

राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी २०१७ च्या नियमांतील सुगम्यतेच्या मानकांविषयीचा नियम १५(१) केवळ शिफारसवजा व म्हणून कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम आखण्याचा आदेश केंद्राला दिला.