पोलादाआडची पातळी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या म्हसावदात पत्र्याच्या कोठीवर टिचकी मारून आतील धान्याचा अदमास घेता येतो. परंतु बंद पोलादी पात्रात तप्त वा दाहक द्रव्य असेल तेथे ही युक्ती चालत नाही, आणि पॉल व्हिलार्ड यांना 1900 साली रेडियमच्या अभ्यासात आढळलेल्या किरणांचा, म्हणजे गॅमा किरणांचा, आश्रय घ्यावा लागतो. पात्राच्या एका अंगास शिशाच्या कवचात कोबाल्ट-60 वा सीझियम-137, समोरच्या अंगास गणक. द्रव्य चढून वाटेत आले की गणना घसरते. ट्रॉम्बे येथे 4 ऑगस्ट 1956 रोजी 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली आणि अशा किरणोत्सारी द्रव्यांच्या देशी निर्मितीचा मार्ग मोकळा झाला. कोबाल्टचे तेज मात्र सव्वापाच वर्षांत निम्मे होते. म्हणून मापकाची फेरजुळणी आणि दप्तरी नोंद, माझ्या मते यंत्राइतकीच महत्त्वाची, कारखानदारास टाळता येत नाही.