जत्रा आणि रतीब : मुंबईतल्या एका गुरुवारच्या मैफलीची गोष्ट

आपल्या जरीपटक्यात महिन्यातून एकदा पियानोवादनाचा कार्यक्रम सुरू करावा, असा विचार काही तरुण मंडळींनी मांडला आहे. त्यावर पहिला प्रश्न अर्थातच आला : ऐकणार कोण? प्रश्न रास्त आहे. पण तो नवा नाही. नव्वद वर्षांपूर्वी मुंबईत त्याला एक उत्तर मिळालं होतं. आज आपण ते बघू.

वॉल्टर कॉफमन यांचा जन्म १९०७ सालचा, कार्ल्सबाडचा. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात येतं. घराणं ज्यू. प्राग इथे संगीतशास्त्राचा अभ्यास पूर्ण झाला, पण आपले मार्गदर्शक नाझी चळवळीत आहेत हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरेट घ्यायला नकार दिला. आम्ही स्वतः जन्मभर पदव्यांच्या जगात वावरलो, म्हणून या नकाराची किंमत आम्हाला थोडीफार कळते. १९३४ मध्ये ते मुंबईला आले. काही महिने राहून परत जायचं, असा बेत होता. राहिले बारा वर्षं.

आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. कार्यक्रम दर गुरुवारी, विलिंग्डन जिमखान्यात. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, आणि चेलोवर एडिजिओ व्हर्गा. एक पारशी, एक इटालियन, एक ज्यू. मे १९३७ पर्यंत या सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते.

हा आकडा जरा हिशोबाने वाचा. उणीपुरी तीन वर्षं धरली तर जवळजवळ दर आठवड्याला एक कार्यक्रम पडतो. त्यात मुंबईचे तीन पावसाळे आले, सणवार आले, कुणाचं आजारपणही आलंच असणार. तरी गुरुवार फारसा चुकला नाही.

आपल्याकडे संगीताच्या दोन रीती आहेत. एक जत्रेची, दुसरी रतिबाची. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालतो. ती मोठी जत्रा, आणि तिची थोरवी कुणी नाकारणार नाही. जत्रेला माणूस नाव ऐकून जातो. रतीब वेगळा. दूधवाला रोज येतो म्हणून घरात चहाची वेळ ठरते. कॉफमन यांनी मुंबईला रतीब घातला. गुरुवार ठरला की श्रोता ठरतो. आज काय वाजवणार, हे विचारायच्या आधीच तो घरून निघालेला असतो.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे एक शंका येते. सवयीने आलेला माणूस खरोखर ऐकतो का, की नुसता बसतो? याचंही उत्तर कॉफमन यांच्याच आयुष्यात आहे. मुंबईत आल्यावर हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या त्यांनी ऐकल्या, तेव्हा त्यांना काहीच कळलं नाही. पण त्यांनी विचार असा केला : हे संगीत बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनी घडवलंय, लाखो लोकांना ते प्रिय आहे, तेव्हा उणीव आपल्या कानात असली पाहिजे. मग ते शिकत राहिले. १९६८ मध्ये उत्तर भारतीय रागांवर त्यांचा जाडजूड ग्रंथ आला. न कळणाऱ्या गोष्टीसमोर पुन्हा पुन्हा बसणं, हीच ऐकण्याची पहिली पायरी आहे, बरं का.

थोडं व्यवहाराचं बोलू. पियानो म्हणजे पेटी नव्हे, की बगलेत मारून नेली. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, दोनशेहून जास्त तारा, त्यांचा एकूण ताण काही टनांचा, आणि तो सगळा ओतीव लोखंडी चौकटीवर. आतली फळी मात्र लाकडाची. नागपूरच्या मे महिन्यात लाकूड सुकतं, पावसाळ्यात फुगतं, की सूर उतरले-चढले. त्यात कूलरची ओली हवा थेट पियानोवर गेली तर विचारूच नका. म्हणून आमचं मत असं, की ऑक्टोबर ते मार्च असे सहा कार्यक्रम ठरवावेत. पियानो एकाच जागी राहावा, आणि दर वेळी आधी सूर लावून घ्यायचा खर्च मानधनाच्याही आधी बाजूला काढावा.

दुसरी गोष्ट माणसांची. १९४५ मध्ये मेहली मेहता शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. १९४६ मध्ये कॉफमन यांनी भारत सोडला. पुढे ते कॅनडात विनिपेग सिम्फनीचे संचालक झाले आणि नंतर इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. मुंबईत पाश्चात्त्य संगीताला कायमचं मोठं घर मिळालं ते १९६९ मध्ये स्थापन झालेल्या एनसीपीएमुळे. वादक कितीही मोठा असला तरी तो कधीतरी गाव सोडतो. वार, जागा आणि वर्गणीची वही सांभाळणारे चार-पाच जण मात्र गावातलेच लागतात.

कॉफमन यांची एक खूण आपल्या सगळ्यांच्या घरात होती. सकाळी रेडिओ लावल्यावर तानपुऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनची जी धून यायची, ती आकाशवाणीची संकेतधून त्यांचीच मानली जाते. ती आपण समजून घ्यायला कुठे बसलो होतो? रोज कानावर पडली आणि आपली झाली.

जरीपटक्याला हे फार समजावून सांगावं लागू नये. १९४७ नंतर सिंधमधून उखडून आलेली कुटुंबं इथे राहिली, आणि ज्या नागपूरकरांना कालपर्यंत चेटीचंड माहीत नव्हता त्यांच्या शहरात तो सण रुजला. परका म्हणून आलेला सूर दरवर्षी त्याच दिवशी ऐकू आला, की शेजारी त्याची वाट बघायला लागतो.

तेव्हा ऐकणार कोण, हा प्रश्न पहिल्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी विचारू नका. त्या दिवशी वीस खुर्च्या भरतील, कदाचित बाराच. सहावा कार्यक्रम झाला की वही उघडा आणि सहाही वेळा आलेल्यांची नावं मोजा. पाच निघाली तरी दुसऱ्या वर्षीच्या तारखा छापायला हरकत नाही.