इशीचा वारसा

अमेरिकेत दर शरदात धनुर्धारी शिकारी हरणांच्या शिकारीसाठी अरण्यात तळ देऊन एकत्र राहतात. त्यांच्या धनुष्यांची जुनी घडण पाहून या प्रथेचे मूळ इंग्लंडात शोधावेसे वाटते. ते अंशतःच खरे ठरेल.

इ. स. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे ‘याही’ जमातीचा अखेरचा मनुष्य प्रकट झाला. गोऱ्या वसाहतकारांनी केलेल्या कत्तलींनी ती जमात नष्टप्राय झाली होती. स्वतःचे नाव त्याने कधीच उच्चारले नाही. ‘इशी’ म्हणजे त्याच्या भाषेत केवळ ‘माणूस’. सॅक्स्टन पोप हा शल्यवैद्य त्याच्यापाशी धनुर्विद्या शिकला. १९१४ मध्ये इशीच्या मायभूमीत, डीअर क्रीकच्या खोऱ्यात, दोघे एका तळावर राहिले. पुढे पोपने धनुष्य इंग्रजी घडणीचे पत्करले. परंतु दबा धरणे, वाऱ्याचा रोख सांभाळणे, सावजाच्या निकट जाणे ही रीत त्याने इशीकडूनच घेतली होती. पोपच्या १९२३ च्या ग्रंथाने ती दूरवर पोचली. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने धनुर्धाऱ्यांना हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम दिला.

१९१५ मध्ये एडवर्ड सपीरने इशीची भाषा टिपून घेतली. १९१६ मध्ये इशी निवर्तला. भाषा कागदावर उरली. रीत मात्र तळावरील सोबतीत जगली. भाषेलाही अशी सोबत लागते. ती तिला मिळाली नाही.