डॉक्टरांचा ‘थिसिस’ म्हणजे काय? आणि संग्रामपूरच्या किडनीच्या रुग्णांना त्याचा काय उपयोग?

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तुम्हाला तपासणारा रेसिडेंट डॉक्टर शिकतही असतो. वॉर्ड, ओपीडी, नाइट ड्युटी हे आपल्याला दिसतं. सोबत त्याचं संशोधनही चालू असतं, ते सहसा दिसत नाही. एमडी किंवा एमएस तीन वर्षांचं असतं आणि थिसिस मान्य झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्सही सक्तीचा आहे.

म्हणजे कागदावर आपला प्रत्येक एमडी डॉक्टर थोडाफार संशोधक असतो. मग संग्रामपूरचा प्रश्न का सुटत नाही?

संग्रामपूर तालुका पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. हा पट्टा बुलढाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरलाय. इथं बोअरचं पाणी खारट आणि किडनीचे आजार ही जुनी तक्रार. लोक थेट पाण्याला दोष देतात. ते खरं असूही शकतं, पण सिद्ध करणं अवघड आहे. उन्हातली मजुरी, फवारणी, अंगदुखीच्या गोळ्या, वेळेत न कळलेली शुगर आणि बीपी या सगळ्यांचा परिणाम वेगळा काढावा लागतो. श्रीलंकेत आणि आंध्र प्रदेशातल्या उद्दानममध्येही असेच रुग्ण आहेत. तिथंही एकच एक कारण ठरलेलं नाही.

असा अभ्यास गावात जाऊन, निरोगी माणसांनाही तपासून करावा लागतो. थिसिस मात्र बहुतेकदा दवाखान्यात आलेल्या रुग्णांवर होतो. रेसिडेंटला तरी नावं कशी ठेवणार? ड्युटी संपवून उरलेल्या वेळात त्याला हे करायचं असतं. पण किडनीचा आजार सुरुवातीला जाणवत नाही. त्रास वाढल्यावर माणूस मोठ्या दवाखान्यात जातो. सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण मोजणीतच येत नाहीत.

अमेरिकेत मेडिसिनच्या डॉक्टरांसाठी एक वेगळी वाट आहे: दोन वर्षं रुग्णसेवा, तीन वर्षं मुख्यतः संशोधन. आपल्याकडे 2020 च्या नियमाने रेसिडेंटला तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावं लागतं. हेतू सेवा आणि प्रशिक्षणाचा आहे. पण थिसिसचा विषय तिथलाच निवडला, तर याच काळात गावपातळीची माहिती हाती लागू शकते.

गावातला प्रश्न घेऊन संशोधन करता येतं, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवलंय. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी विंचूदंशाने मरणारी माणसं पाहिली. पुढे पुण्यात एमडी केलं आणि पुन्हा त्याच भागात परतले. प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडला. 2010 मध्ये पिण्याच्या पाण्यातले जड धातू आणि किडनीचा आजार यांवरचा, महाराष्ट्रातल्याच एका खेड्यातला त्यांचा अहवालही प्रसिद्ध झाला.

तुम्हाला कुणी थिसिससाठी रक्त किंवा माहिती मागितली, तर आधी तुमची संमती घ्यावी लागते. अभ्यास कशाचा आहे, हे मराठीत समजावून मागा. नकार दिलात तरी तुमचे उपचार थांबवता येत नाहीत.