नाथबुवाची पायली

आम्हा विदर्भवाल्यांना उन्हाचं काही वाटत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी डोक्याला दुपट्टा बांधून माणूस कामाला निघतो. थंडीचं तर आम्हाला कौतुकच. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदलं गेलं, तेव्हा लोक घाबरायचं सोडून कानटोप्या घालून फुटाळा तलावावर चहा प्यायला गेले होते. भीती वाटते ती माघ-फाल्गुनातल्या गारांची. आजी म्हणायची, "थंडी अंगाले लागते, गार पोटाले लागते."

माझी आजी काटोलच्या बाजूची, म्हणजे संत्र्याच्या मुलखातली. ही संत्री रघूजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेकडून आणवली असं आमच्याकडे सांगतात. आजीच्या माहेरी तर तो राजा त्यांच्याच विहिरीवर पाणी पिऊन गेला असंही सांगायचे. त्यावर कोणी जास्त विचारलं की विषय बदलायचा.

गारांची वेळ मोठी वाईट असते. हरभऱ्याचे घाटे भरलेले, गहू पिवळा पडायला लागलेला, संत्र्याला आंबिया बहराची फुलं नाहीतर बोराएवढी फळं, आणि घरोघरी खाटांवर मुंगवड्या, कुरोड्या नि शेवयांचं वाळवण. सकाळभर उकडतं. दुपारी एखाद्या कोपऱ्यातून आभाळ काळं होत येतं, आणि त्या काळ्यात एक ताम्रट छटा असते. ती दिसली की आजी जेवत्या ताटावरून उठायची. "पोट्टेहो, घरात व्हा! ढोरं सोडली का बांधली?" आधी ढोरं कोठ्यात, मग वाळवण, मग बंगईवर बसलेली आम्ही पोरं, या क्रमाने सगळं आत यायचं. आमचा नंबर मुंगवड्यांच्या नंतर होता, हे मी तेव्हाही लक्षात ठेवलं होतं.

पहिली गार कवेलूवर टणकन वाजली की आजी कोपऱ्यातलं मुसळ उचलून अंगणात फेकायची. का, हे तिने कधी सांगितलं नाही. माझी मावशी म्हणते मुसळ नाही, कुऱ्हाड. शेजारच्या काकू उलटा तवा टाकायच्या. लोखंडाने गारा थांबतात असं काहीसं असावं. पण मग आमचं मुसळ लाकडाचं होतं, त्याला खाली लोखंडाची वसवी तेवढी होती. गारा थांबायच्या, हे मात्र खरं. दहा-पंधरा मिनिटांत त्या थांबतातच.

आजीच्या लहानपणी हे काम घरच्या मुसळावर सोडलेलं नव्हतं. त्यासाठी गावात माणूस होता, गारपगारी. बाया त्याला नाथबुवा म्हणत. भगवं वस्त्र, कानात मुद्रा, हातात त्रिशूळ. आभाळ भरून आलं की त्याने गावाबाहेरच्या मारुतीपाशी जाऊन उभं राहायचं, मोहरी मंतरून आभाळाकडे फेकायची, त्रिशूळ जमिनीत रोवायचा आणि ढगाला पलीकडच्या पडीक रानात जायला सांगायचं. ढग ऐकत नसेल तर मारुतीलाच दम द्यायचा. बोट कापून रक्त वाहण्यापर्यंत गोष्ट जायची म्हणे. याच्या बदल्यात खळं झालं की घरटी पायलीभर धान्य.

मला पुष्कळ दिवस ही आजीच्या गोष्टींतली एक गोष्ट वाटत होती. मग रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर १९१६ साली काढलेला चार खंडांचा ग्रंथ हाती आला. त्यात गारपगाऱ्यांवर वेगळं प्रकरणच आहे. गारांपासून पिकं वाचवणं हे या जातीचं काम, लोक मूळचे नाथजोगी, वस्ती मुख्यतः नागपूर आणि वऱ्हाडच्या मराठी जिल्ह्यांत, आणि १९११ च्या शिरगणतीत संख्या सुमारे नऊ हजार. नऊ हजार माणसं! तेही आजी जन्मायच्या आधी. नाथबुवा एकटा नव्हता, त्याचं एक अख्खं खातंच होतं म्हणायचं.

आता आमच्या घरात सांगितली जाणारी ती मोठी गारपीट. आजी सांगायची ती चिमूर-आष्टीच्या उठावाच्या आदल्या वर्षीची, म्हणजे १९४१ ची. तिचा धाकटा भाऊ, आमचा मामाआजोबा, म्हणायचा छे, त्यानंतरची, कारण तेव्हा राकेल मिळत नव्हतं. दोघंही आता नाहीत, तेव्हा निकाल लागायचा नाही. महिना फाल्गुन होता यावर मात्र दोघांचं एकमत होतं, कारण होळीच्या गोवऱ्यांच्या माळा अंगणात वाळत होत्या आणि त्या भिजून शेण झाल्या.

त्या दुपारी नाथबुवा मारुतीपाशी उभा राहिला. लिंबाएवढ्या गारा आल्या. बैल बंडीला जुंपलेले होते ते कासऱ्यासकट पळाले. बाया वावरात हरभरा उपटत होत्या, त्यांनी डोक्यावर टोपली घेतली आणि बांधालगत एकमेकींना चिकटून बसल्या. आजीच्या आईच्या हाताची दोन बोटं टोपली धरता धरता सुजून काळी पडली होती. संपलं तेव्हा वावरं पांढरी झालेली. घरांची कवेलू फुटून आत आभाळ दिसायला लागलं. "पोट्टे गारा गुळासंगं खाऊन राह्यले होते अन् बुढे ओसरीवर रडून राह्यले होते," आजी सांगायची, आणि मग थोडी हसायची, कारण गारा खाणाऱ्यांत ती स्वतः होती. कोणीतरी शहाणपणाने पितळी घागरीत गारा भरून ठेवल्या. ते पाणी बाटलीत घालून उन्हाळाभर घामोळ्यांना लावलं.

नाथबुवा रक्ताने माखलेलं कपाळ घेऊन परत आला. अर्धं गाव बुडालं होतं, अर्धं वाचलं होतं. बुडालेले म्हणाले, याने गारा आपल्यावर लोटल्या. वाचलेले गप्प राहिले. पुढे पायली द्यायची वेळ आली तेव्हा तेही गप्पच राहिले. पणजीने मात्र आपल्या बुडालेल्या वावरातून वेचलेल्या गव्हातली एक पायली सालदाराच्या हाती पाठवली. पणजोबा चिडले. ती म्हणाली, "तो उभा तं राह्यला ना बाप्पा. आपण कोठ्यात होतो."

मामाआजोबांची कथा वेगळी. त्यांच्या मते नाथबुवा मारुतीपाशी वगैरे नव्हता, तो मालगुजाराच्या बंडीखाली बसला होता, आणि कपाळाला लागलं ते घरी येताना वळचणीचं कवेलू पडून. ही कथा ते आजी आत चहा करायला गेल्यावर सांगायचे.

पुढचे महिने गाव काय खाऊन राहिलं, हे दोघं सारखंच सांगत. पडलेल्या घाट्यांतले ओले सोले काढून त्यांची भाजी, सोलेभात, उरलेले वाळवून वर्षभराला. झोपलेला गहू ढोरांना. संत्र्याच्या फळगळीला मात्र काही उपाय नव्हता, ती उकिरड्यावर. कुंभाराकडे कवेलूसाठी रांग लागली. त्याने आधी बाळंतिणींची घरं झाकली, मग म्हाताऱ्यांची, आणि मालगुजाराचा वाडा शेवटी. हा क्रम त्याला कोणी सांगितला नव्हता. पणजीच्या गाठल्या गहाण पडल्या त्या तेव्हाच. सोडवून आणल्या की नाही, हे आमच्याकडे कोणी स्पष्ट बोलत नाही.

हवामानवाले सांगतात ते कारण साधं आहे. या दिवसांत उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ जातो, वर थंड कोरडी हवा येते, खाली बंगालच्या उपसागराकडून ओलावा येतो, आणि जमीन तर आमची तापायला लागलेलीच असते. हवा जोराने वर चढते, पाणी वरच गोठतं. पण गारा सगळीकडे पडत नाहीत, अरुंद पट्ट्यात पडतात. धुऱ्याच्या अलीकडचं वावर साफ आणि पलीकडचं जसंच्या तसं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एखाद्या गावाच्या वाट्याला मोठी गारपीट वर्षानुवर्षं येत नाही, आणि तेवढी वर्षं नाथबुवाचा मंत्र चालतो. मंत्रावर माझा विश्वास नाही. पण आमच्या घरात त्याची टिंगल झाली की मला पणजीची बाजू घ्यावीशी वाटते.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. खळ्यावरचे हक्क पातळ होत गेले, आणि गारपगाऱ्याची पायलीही त्यात गेली असावी, असा माझा अंदाज.

मग २०१४ आलं. फेब्रुवारी सरता सरता जे सुरू झालं ते मार्चच्या मध्यापर्यंत चाललं. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर, सगळीकडे. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं, डाळिंब, संत्री. झाडांखाली मेलेल्या पोपटांचे सडे. त्यात लोकसभेची आचारसंहिता लागलेली. आमच्या मामाच्या बागेत मी गेले तेव्हा झाडांच्या फांद्यांची साल एका बाजूने सोललेली होती, आणि ज्या बाजूने वारा नव्हता तिथे फुलं तशीच. टिनांना भोकं पडली होती. कवेलू फुटलं तर बदलता येत होतं, टिनाच्या भोकाला मामा डांबर लावत बसला होता.

पंचनाम्यासाठी चावडीवर सातबारे घेऊन लोक उभे होते. त्यात नाथबुवाचा नातू होता. चार एकर हरभरा त्याने बटईने केला होता, बी त्याचं, मजुरी त्याची. सातबारा मालकाच्या नावावर, त्यामुळे मदतही मालकाच्या खात्यात. पुढे २०१६ मध्ये पंतप्रधान पीक विमा योजना आली, तिच्यात गारपिटीची खबर ७२ तासांत द्यायची अट होती. त्या ७२ तासांत आमच्याकडे वीजही परत येत नाही. २०१४ च्या त्या पंचनाम्यानंतर घरी येऊन मी आजीला त्या नातवाबद्दल सांगितलं. ती तेव्हा पंचाऐंशीच्या पुढे होती, ऐकू कमी यायचं. "मंग त्याले पायली कोण देईन?" एवढंच तिने विचारलं. त्या वर्षी मामाने आपल्या घरून दिली. सगळ्या गावाने द्यायला हवी होती, असं माझं आजही मत आहे.

नाथबुवाचं घर मारुतीच्या मागे होतं की नदीच्या वाटेवर, यावरही आमच्यात दोन तट आहेत. तुमच्या घरात नव्वदीला टेकलेलं कोणी असेल, आणि गाव नागपूर-वर्धा-अमरावतीकडचं असेल, तर त्यांना गारपगाऱ्याबद्दल एकदा विचारा. तो कुठे उभा राहायचा, कोण किती धान्य द्यायचं, ते लिहून ठेवा. दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा.